रिकामा पाळणा हलवू नये

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो माणूस घेतात तो बदली. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, गिरणीच्या फाटकापाशी उभं राहायचं आणि आत कोण आलेलं नाही हे कळेपर्यंत थांबायचं. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झालं, कुणी गावाहून वेळेत परतला नाही, की बाबांना काम मिळायचं. दुसऱ्याच्या घरी ताप आला की आमच्या घरी भात शिजायचा.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली होती. बाबा लवकर परत आले, की चढणीवर त्यांची टोपी आधी दिसायची. आई दारातूनच विचारायची, "काय झाला?" बाबा डबा खाली ठेवायचे आणि मालवणीत म्हणायचे, "आज सगळे बरे आसत."

हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की सगळे बरे असणं ही वाईट बातमी असते अशीच माझी समजूत झाली. एकदा शाळेत बाईंनी सहज विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना गं?" तर मी भोकाड पसरलं. काम न मिळालेल्या दिवशी परत आलेला डबा आम्ही भावंडं वाटून खायचो. बाबा त्यातला घास घ्यायचे नाहीत. काम न करता कामावरचा डबा कसा खायचा, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. हे मी विनयाने सांगत नाही, चांगल्या अभिमानाने सांगते. बी.ए. झाले, मग कामगार कल्याणाचा अभ्यासक्रम केला, आणि ऐंशीच्या दशकात मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला एका औषधांच्या कारखान्यात 'कामगार कल्याण अधिकारी' म्हणून लागले. बाबांनी आजूबाजूच्या खोल्यांत जाऊन माझा हुद्दा सांगितला नाही, पगारही सांगितला नाही. एकच शब्द सांगितला, "कायम."

या पदावरचा माणूस करतो काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मोठ्या कारखान्याला असा अधिकारी कायद्याने ठेवावाच लागतो. प्यायचं पाणी थंड आहे का, कँटीनच्या आमटीत डाळ आहे का, संडास धुतले जातात का, कुणाचं वाजलं तर मिटवता येईल का, हे त्याने बघायचं. पगार मालकाचा, काम कामगारांचं. त्यामुळे मालक समजतो हा युनियनचा आणि युनियन समजते हा मालकाचा. आणि अधिकारी बाई असली तर दोघांचं एकमत होतं, की हिला काही कळत नाही.

कामगार मला 'कल्याणबाई' म्हणायचे. एखादं काम माझ्याकडून झालं नाही, की बॉयलरवरचा कुणीतरी हमखास म्हणायचा, "गावडेबाई, तुमची गाडी ठाण्यालाच रद्द होते. कल्याणपर्यंत काय येत नाय."

साबणाची गोष्ट सांगते, म्हणजे या नोकरीचा नमुना कळेल. कामगारांना हात धुवायला साबण द्यायचा असा नियम. कंपनी दर महिन्याला माणशी एक वडी द्यायची. या वड्या घरी जातात असं वरच्यांच्या लक्षात आलं, तेव्हा साबण सुरीने कापून अर्धाच द्यायचा, असा हुकूम निघाला. कापलेला साबण कोण घरी नेईल, असा विचार. त्या संध्याकाळी नळांपाशी मी बघितलं, दोघेजण आपापले अर्धे ओले करून एकमेकांवर दाबत उभे होते. "लग्न लावतोय बाई," त्यातला एक म्हणाला. "ह्या महिन्यात अख्खा माझा, पुढच्या महिन्यात ह्याचा." मी वर जाऊन इतकंच विचारलं, की कामगाराच्या बायकोने हात धुतले तर आपली औषधं नासतात का? हुकूम मागे गेला. त्या दिवशी गाडी कल्याणपर्यंत आली म्हणायची.

दुपारचं जेवण झालं की आमचा कारखाना पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. खोकल्याच्या औषधाचा पाक उकळत असायचा, त्याचा संत्र्यासारखा गोड वास भिंतींत, केसांत, डब्याच्या झाकणात जाऊन बसायचा. त्या वासातून यंत्रांचा आवाज यायचा तोसुद्धा मऊ होऊन. पलीकडे डोंगर निळसर, हलल्यासारखा. या वेळी कारखान्यात फिरताना मला पुष्कळदा वाटायचं, की आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, हळू चालायला हवं.

पॅकिंगच्या हॉलला लागून पाळणाघर होतं. जिथे बायका कामाला असतात अशा मोठ्या कारखान्यात त्यांच्या लहान मुलांसाठी अशी खोली ठेवावी लागते. आमची खोली देखणी होती. पोपटी रंगाच्या भिंती, खिडकीला जाळी, लाकडी घोडा, आणि छताच्या कड्यांना टांगलेले पाळणे, एका रांगेत. मूल मात्र एकही नव्हतं. आमच्या पॅकिंगच्या बायका कारखाना उघडला तेव्हा मुली म्हणून लागल्या होत्या. पुढे कंपनीने बायकांची भरतीच बंद केली. बाई आली की बाळंतपण येतं, रजा येते, पाळणाघर येतं, हा हिशेब. आता या बायकांची पोरं मॅट्रिकला होती, काहींची लग्नंही झाली होती. पाळणे राहिले, कारण वर्षातून एकदा सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा, आत डोकावायचा, सही करून जायचा.

पाळणाघराला आया होती, गुलाबमावशी. सगळ्या मुंबईत सांभाळायला मूल नसलेली आया तीच असेल. ती खोली पुसायची, घोडा पुसायची, आणि मग जमिनीवर बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची. "कुणासाठी गं मावशी?" मी विचारायचे. "असूदेत. येतंय कधी कोण," ती म्हणायची.

आता कारखान्याच्या मागच्या बाजूला चला. तिथे पत्र्याची शेड होती, तिच्यात बाटल्या धुवायचं काम चालायचं. मोठाले हौद, गुडघाभर वाफ, आणि काचेवर काच आपटल्याचा बारीक किणकिणाट. हौदातल्या पाण्यावरून ऊन वर पत्र्यावर जायचं आणि तिथे लाटा हलत राहायच्या. त्या हलत्या उजेडाखाली बायका वाकलेल्या असायच्या. या बायका कंत्राटी. बाटल्या आमच्या, पाणी आमचं, फाटक आमचं, पण बायका कंत्राटदाराच्या. मराठवाड्यातून दुष्काळाने उठून आलेल्या, कांजूरला झोपड्यांत राहणाऱ्या. त्यांना कँटीन नाही, साबणही नाही. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असल्यावर वडी कशाला, असं मुकादम गमतीने म्हणायचा.

शेडच्या मागे पर्जन्यवृक्ष होता. त्याच्या खालच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असत आणि झोळ्यांत त्यांची पोरं. लांबून बघितलं तर झाडाला लाल, हिरवं, जांभळं काहीतरी लगडलंय आणि वाऱ्यावर झुलतंय, असं दिसे. मला ते सुंदर वाटायचं. जवळ जाईपर्यंत.

एका दुपारी मी जवळच होते. शेवंता नावाची बाई, विशीची असेल, तिची मुलगी झोळीत किंचाळायला लागली. शेवंता हौदावरून धावली. झोळी उघडली तर आत लाल मुंग्या. फांदीवरून लुगड्याच्या पिळ्यातून रांगच्या रांग उतरली होती. आम्ही दोघींनी मिळून त्या लेकराच्या मानेच्या घडीतून, काखेतून मुंग्या वेचल्या. पोर रडून रडून निळी पडली होती.

मुकादम मागून आला. "ए शेवंता, हौद कोणाच्या बापावर सोडून आलीस?"

"मुंग्या लागल्या वो लेकराला."

"मग उद्यापासून ठेव घरी."

"घरी कोन हाय? धनी बिगारीला जातो. लेकरू कुटं ठिवू?"

"ते मला नको विचारू. लेकरू आणशील तर तू पण येऊ नको. लेकरं नसलेल्या पन्नास बाया मिळतात."

त्या आठवड्यापुरतं मी मुकादमाला गप्प बसवलं. पण आठवड्याने काय, हा प्रश्न शेवंताच्या डोळ्यांत तसाच होता. काम सोडलं तर पोट नाही, काम धरलं तर पोर मुंग्यांच्या तोंडी.

मी आमच्या पर्सोनेल मॅनेजरकडे गेले. प्रधानसाहेब. सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही, दार माझ्यासाठी स्वतः उघडायचे. मी म्हटलं, "साहेब, पाळणे रिकामे आहेत आणि मागे पोरं झाडाला टांगलेली आहेत. कायद्यात कामगार म्हणजे कंत्राटदारामार्फत आलेलासुद्धा धरतात."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण गावडेबाई, मूल आपल्या पाळण्यात झोपलं तर आई आपली झाली की नाही? आज पाळणा मागतील, उद्या पगार मागतील."

"मागू देत की."

"तुम्ही तक्रार करू शकता. कंत्राटदार काय करेल सांगू? लेकुरवाळ्या बायका काढून टाकेल. पाळण्याचा प्रश्न मिटला. तुमच्या त्या बाईचाही."

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही, आणि ते खरं होतं. कागदावर कायदा माझ्या बाजूने होता. तो वापरला की शेवंताची भाकरी जाणार होती. अभ्यासक्रमात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी युनियनकडे गेले. तिथल्या बायकांच्या प्रतिनिधी कमलताई परब. पॅकिंगमध्ये त्यांचा शब्द चाले, आणि जीभ कात्रीसारखी.

"त्या बाया आमच्यातल्या नाय," कमलताई म्हणाल्या. "त्या आल्या म्हणून आमच्या पोरींची भरती बंद झाली. बाटल्या धुवायला पण आधी कायम बायका होत्या, माहितीये तुला?"

मला माहिती होतं. त्यांचा राग खोटा नव्हता, फक्त चुकीच्या माणसावर होता. पण हे सांगायला गेले तर कमलताईंनी मला पाकात उकळून काढलं असतं.

मी हात टेकले होते. पुढचं जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही, गुलाबमावशीच्या अंगठ्याने झालं.

मावशीला सवय होती. दुपटं शिवताना ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि आपल्याच नादात झोका द्यायची. कितीतरी दुपारी मी ते बघितलं होतं. पोपटी खोली, जाळीतून येणारं ऊन, मावशीचे अर्धे मिटलेले डोळे, आणि आत कुणी नसलेला पाळणा येतोय, जातोय, येतोय. मी शिकलेली, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बघता बघता मलाच पेंग यायची. त्या दिवशी हॉलच्या पाळणाघराकडच्या खिडकीची मळकी काच पुसायला काढली होती, आणि कमलताईंची नजर तिथून आत गेली.

"अगो बाई!" त्यांची आरोळी पार बॉयलरपर्यंत गेली. "गुलाब! रिकामा पाळणा हलवतेस? वेड लागलाय काय तुका?"

मावशी दचकून उठली तर दोरी अंगठ्यालाच, आणि पाळणा आणखी जोरात हलला.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. घरात कुणी पोटुशी असेल तर मुळीच नाही. आणि कमलताईंच्या सुनेला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस गेले होते. सगळ्या हॉलला ते ठाऊक होतं. पट्टा थांबला. बाटल्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पॅकिंगच्या बायका प्रधानसाहेबांच्या केबिनबाहेर जमल्या, आणि मी कल्याणबाई म्हणून मध्ये.

"ते पाळणे आत्ताच्या आत्ता काढा," कमलताई म्हणाल्या.

प्रधानसाहेब गोंधळले. "अहो, ते कसे काढणार? इन्स्पेक्टर यायचेत. पाळणे नसले तर कंपनीवर केस होईल."

"मग आमच्या घरादारावर काय झालं तर चालेल? किती महिने ती रिकामे झोके देतेय, देव जाणे."

"मी त्यांना हलवू नका म्हणून सांगतो."

"आणि वारा? वाऱ्याला मेमो देणार काय तुम्ही?"

बायका हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, "काढता येत नाहीत आणि रिकामे ठेवता येत नाहीत. मग भरायला पाहिजेत. तुमच्यात कुणाचं आहे का लहान?"

"आता आमच्यात?" मागून एक म्हणाली. "आमच्यात आता फक्त गुडघे दुखतात गो."

पुन्हा हशा. मी पुढे बोलले नाही. बोलायचं तोंडावर आलं होतं, पण ते माझ्या तोंडून आलं असतं तर ते व्यवस्थापनाचं झालं असतं. कमलताई खिडकीबाहेर बघत होत्या. तिथून पर्जन्यवृक्षाचा शेंडा दिसायचा.

"मागे झाडाला आहेत की टांगलेली," त्या म्हणाल्या. आवाजात राग तसाच होता.

प्रधानसाहेबांनी एका मुलापुरती परवानगी दिली, तीही तोंडी, 'सध्यापुरती'. पट्टा चालू व्हायला हवा होता. मी शेवंताच्या पोरीला घेऊन आले आणि पाळण्यात ठेवणार, तर कमलताई आडव्या.

"नाव काय हिचं?"

"बारसं ऱ्हायलंय," शेवंता म्हणाली. "गावाकडं जाऊन करणार व्हतो. हिची आत्या तिकडं हाय."

"बारशाशिवाय पाळण्यात घालतात होय? असला अडाणीपणा इथे नाय चालणार." आणि मग, "आत्या नाय तर मी बसते आत्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाळणाघरात बारसं झालं. घुगऱ्या कँटीनच्या आचाऱ्याने केल्या, साहेबांना न विचारता. मावशीने आजवरची दुपटी सगळी बाहेर काढली, पाळणा मऊ ढग झाला. हौदावरच्या बायका दारातच घुटमळत होत्या, पायांवरून पाणी गळत होतं, फरशी ओली होईल म्हणून. पॅकिंगच्या बायकांनी त्यांना हाताला धरून आत ओढलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. कमलताईंनी पोरीच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, मनीषा. बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्येच्या पाठीत दणादण बुक्के घातले. त्यात कायम किती आणि कंत्राटी किती, हे पाठीला काही कळलं नसावं. बाहेर संत्र्याचा वास, आत गाणं. दारात प्रधानसाहेब घुगऱ्यांचा द्रोण हातात धरून उभे होते, तो कुणी दिला हे त्यांनाही आठवत नव्हतं.

चार दिवसांनी मुकादमाने शेवंताला फाटकात अडवलं. कमलताई नेमक्या मागून येत होत्या. "काय रे? माझ्या वहिनीला का थांबवलंस?" मुकादमाने आजवर पुष्कळ बायका थांबवल्या होत्या, पण वहिनी नव्हती थांबवली. तो बाजूला झाला. हळूहळू बाकीच्या पोरांनाही आत्या मिळाल्या. झाडावरच्या झोळ्या एकेक करून उतरल्या.

इन्स्पेक्टर आला तेव्हा पाळणे भरलेले होते. तो दारातच थबकला. अशा खोल्या त्याने पुष्कळ पाहिल्या असतील, पण त्यात झोपलेलं मूल बहुधा पाहिलं नसावं. आवाज खाली आणून त्याने पहिल्या पाळण्याकडे बोट केलं. "हे कुणाचं?"

प्रधानसाहेब छताकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तोवर कमलताई म्हणाल्या, "माझी भाची."

"भाचीला कायद्यात जागा नाही, बाई. आई कोण?"

मागच्या दारात शेवंता पाजायला आली होती, हात कोपरापर्यंत ओले. पळून जाईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "म्या."

"कुठे काम करता?"

"बाटल्या धुते."

"कुणाच्या?"

त्याने विचारलं होतं कंत्राटदाराचं नाव. शेवंताला वाटलं, बाटल्यांबद्दल विचारतोय. तिने प्रधानसाहेबांकडे ओला हात केला. "ह्यांच्याच की."

इन्स्पेक्टरने प्रधानसाहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा मी विसरलेले नाही. नाही म्हणायला त्यांना एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द ते त्या झोपलेल्या पोरांसमोर उच्चारू शकले नाहीत. "हो," ते म्हणाले. "आमच्याच." इन्स्पेक्टरने हात पुढे केला आणि म्हणाला, या रस्त्यावर चालू पाळणाघर मी इथेच पाहतोय. सगळ्यांसमोर शाबासकी मिळालेली गोष्ट मागे घेणं कुठल्याच साहेबाला जमत नाही.

मला सल आहे तो वेगळा. कायद्यात लिहिलेलं होतं, ते आम्हाला कायद्याने मिळालं नाही. शकुन-अपशकुनाने मिळालं, नात्याच्या शब्दाने मिळालं. जिथे कमलताई नव्हती, तिथे काय झालं असेल? एका भल्या बाईच्या जिभेवर अवलंबून राहावं लागतं, त्याला कल्याण म्हणत नाहीत. हे मी त्या काळी सभांत बोलले की टाळ्या पडायच्या. टाळ्या देणाऱ्यांचे कारखाने पुढे तसेच चालायचे. शेवंतासुद्धा शेवटपर्यंत कंत्राटीच राहिली. प्रधानसाहेब म्हणाले होते, उद्या पगार मागतील. बायकांनी मागितला. तो मिळाला नाही.

पण पुढच्या पगारकराराच्या वेळी कमलताईंनी एक मागणी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ती करारात लिहून घेतली. कारखान्याच्या फाटकातून आत येऊन काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं मूल, ती कुणाच्याही हजेरीवर असो, पाळणाघरात राहील. मी निवृत्त होईपर्यंत ते कलम टिकलं, आणि त्या सगळ्या काळात एकही मूल झाडाला टांगलं गेलं नाही.